परीक्षेच्या हंगामात मन जाग्यावर

बीड जिल्ह्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हंगाम एकमेकांवर येतात. साखर कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, चालतं. दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच्या शेवटच्या टप्प्यात येते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, गेवराई या तालुक्यांतल्या कितीतरी घरांना तेव्हा कुलूप असतं. आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. दहावीचं लेकरू गावात आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. पेपरला निघताना हातावर दही-साखर ठेवायला घरात कोणी नसतं. आदल्या रात्री फडाजवळच्या कोपीवरून फोन आला तर आला.

परीक्षेच्या ताणावरची बहुतेक पुस्तकं या मुलासाठी लिहिलेली नसतात. त्यांत मुलाला स्वतंत्र खोली असते, अभ्यासाचं टेबल असतं आणि पालकांना सल्ला असतो की मुलावर दबाव टाकू नका. इथे आई शेकडो किलोमीटर दूर मोळ्या बांधत असते. ती काय दबाव टाकणार? दबाव असतो तो मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचा. ती या हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा टोळीत जावं लागणार, हे घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. कोयता हातातून सुटायचा तर पेपर सुटला पाहिजे, एवढा साधा हिशोब त्याने मनाशी केलेला असतो. या हिशोबाला अवाजवी भीती म्हणता येत नाही.

मुलींचा हिशोब याहून कडक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या ४३.७ टक्के स्त्रियांची लग्नं अठरा वर्षांच्या आत झाली होती. दहावीच्या निकालाकडे अशी मुलगी टक्केवारीसाठी बघत नाही. अकरावीला जायचं की बोहल्यावर, हे त्या कागदावर ठरणार असतं. "नापास झालीस तर उजवून टाकू" हे वाक्य चेष्टेत म्हटलं जातं आणि पुष्कळदा खरं केलं जातं. तिचे पेपरच्या दिवशी हातपाय गार पडले, तर तिला "टेन्शन घेऊ नको" म्हणणाऱ्याने आधी स्वतः थोडा विचार करावा.

बारावीनंतरच्या वाटाही इथे अरुंद आहेत. अंबाजोगाई, केज, परळीकडची हुशार मुलं लातूरला जातात. 'लातूर पॅटर्न'च्या आशेने घरचं किडूकमिडूक मोडून शिकवण्यांची फी भरली जाते. नीटच्या पेपरात १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात, एकूण गुण ७२०, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला एक गुण वजा. पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. तलाठी भरती असो की एमपीएससी, जागा थोड्या आणि अर्ज लाखांत. ही पुस्तिका प्रामुख्याने दहावी-बारावीच्या मुलांसाठी असली, तरी भरतीवाल्यांनी ती वाचायला हरकत नाही. त्यांचा ताण तोच आहे, फक्त वय वाढलेलं आहे.

एवढं सगळं आधी मांडलं, कारण पुढे जे सांगायचं आहे ते आकाराने लहान आहे. सजगतेचा सराव, ज्याला आता सगळीकडे माइंडफुलनेस म्हणतात, उचल फेडत नाही, ठरलेलं लग्न मोडत नाही, भरतीच्या जागा वाढवत नाही. बाकावर बसल्यावर मन त्या बाकावर आणि त्या प्रश्नावर ठेवायला तो मदत करतो. मन निसटलं तर परत आणायची सवय लावतो. याच्यापलीकडचं आश्वासन कोणी देत असेल तर ते खुशाल सोडून द्यावं. मात्र या जिल्ह्यात, जिथे बाकीचं काहीच मुलाच्या हातात नसतं, तिथे स्वतःचं लक्ष तरी स्वतःच्या हातात असणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आता ताण म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. "पेपर हातात आला आणि सर, मी ब्लँक झालो" ही तक्रार प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली आहे. मुलाला वाटतं की वाचलेलं विसरलं. प्रत्यक्षात ते सहसा विसरलेलं नसतं. दुपारी घरी पोचल्यावर तेच उत्तर धडाधड आठवतं, हा त्याचा पुरावा. मेंदूला धोका दिसला की तो शरीराला तयार करतो. अॅड्रेनलिन वाढतं, छातीत धडधडतं, श्वास वरवरचा होतो, तळहाताला घाम सुटतो, पोटात गोळा येतो. लांडगा मागे लागला असता तर ही तयारी उपयोगी पडली असती. प्रश्नपत्रिकेपुढे ती आडवी येते, कारण प्रश्न वाचताना, आकडेमोड करताना मेंदू ज्या तात्पुरत्या स्मृतीवर काम करतो तिची क्षमता फार थोडी आहे. एका वेळी मोजक्याच गोष्टी तिच्यात मावतात. "आता काय होणार", "शेजारच्याने पुरवणी घेतली, मी अजून पहिल्याच पानावर", "बाबांना काय सांगू" ही वाक्यं त्याच जागेत येऊन बसली, की गणिताला जागा उरत नाही. मुलगा एकच प्रश्न तीनदा वाचतो आणि तिन्ही वेळा त्याला काही कळत नाही.

ताण मुळीच नको असंही नाही. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून ही समजूत रुजली की थोडी उत्तेजना कामाला मदत करते आणि ती फार वाढली की काम बिघडतं. अवघड कामात ते लवकर बिघडतं. परीक्षेच्या आधी थोडं धडधडलं तर ते चांगलंच. धडधड पूर्ण थांबवण्याच्या मागे लागलेला मुलगा उलट तिच्यातच अडकतो, कारण आता त्याला दोन काळज्या असतात: पेपरची एक आणि धडधडीची दुसरी. सजगता इथे एक वेगळी गोष्ट सुचवते. धडधड आहे, हे ओळखा. ती छातीत कुठे जाणवते ते बघा. तिच्याशी भांडू नका आणि तिच्यामागे जाऊही नका; ती असू द्या आणि पहिला प्रश्न वाचा.

ऐकायला हे सोपं वाटतं. करायला अवघड आहे, आणि म्हणून त्याचा सराव करावा लागतो.

मनाकडे बघण्याची ही पद्धत परदेशातून आपल्याकडे आली असं काहींना वाटतं, तर काहींना ती फक्त आपलीच असा अभिमान असतो. दोन्हींत अर्धं सत्य आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, औषधांनी फारसा आराम न पडणाऱ्या जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातल्या गोष्टी बौद्ध ध्यानपरंपरेतून आणि योगातून घेतलेल्या होत्या. धर्माची परिभाषा त्यांनी बाजूला ठेवली आणि परिणाम मोजता येतील अशी रचना केली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७६ मध्ये, आपल्याकडे इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यनेचं केंद्र उभं राहिलं. सत्यनारायण गोयंका ही साधना ब्रह्मदेशातून १९६९ मध्ये भारतात घेऊन आले होते. पुढे महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या साथीने 'मित्र उपक्रम' राबवला. नैसर्गिक श्वासाकडे काही मिनिटं लक्ष द्यायचं, म्हणजे आनापान, एवढंच त्यात मुलांना शिकवलं जातं. तेव्हा ज्या शिक्षकांना वाटतं की हे काहीतरी नवीन खूळ आलंय, त्यांनी आपल्याच शाळेच्या कपाटातली जुनी परिपत्रकं एकदा काढून बघावीत.

आणि बीडकरांना तर मनाविषयी मराठीत बोलणं अजिबात नवं नाही. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ चा मानला जातो. त्याच गावात दासोपंतांची पासोडी आजही जपून ठेवलेली आहे. लांबलचक कापडावर अक्षर न् अक्षर लिहून काढलेला तो ग्रंथ आहे. विद्यार्थ्यांनी कधी अंबाजोगाईला गेल्यावर ती अवश्य पाहावी. लक्ष एका जागी ठेवून काम करणं म्हणजे काय, हे भाषणापेक्षा तिथे चटकन कळतं.

तरीही या पुस्तिकेतला सराव कोणत्याही पंथाचा नाही, आणि तो तसा ठेवणं मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि मार्चच्या सुरुवातीला रमजानचे रोजे लागले. सहरीसाठी पहाटे उठून, दिवसभर पाणीही न घेता पेपर लिहिणारी मुलं बीडच्या, माजलगावच्या, परळीच्या केंद्रांवर होती. त्यांना सजगता शिकवताना ओंकार म्हणायला लावला तर ती शिकवण तिथेच संपते. श्वास सगळ्यांचा सारखाच असतो; तो बघायला मंत्र लागत नाही, मूर्ती लागत नाही, गुरूही लागत नाही.

याचा खरंच उपयोग होतो का, हा प्रश्न कोणीही विचारायला हवा. उत्तर संमिश्र आहे आणि ते मी जसंच्या तसं ठेवतो. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले गेले. दोन्ही गटांना विद्यापीठातली नेहमीची मदत उपलब्ध होती आणि एका गटाने शिवाय आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम केला. पुढे वार्षिक परीक्षेच्या काळात पाहिलं तर सराव केलेल्यांच्या मनाला होणारा त्रास दुसऱ्या गटापेक्षा कमी भरला. २०१८ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आले. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर २०१३ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या सरावानंतर उताऱ्यावरच्या प्रश्नांत गुण वाढले आणि वाचताना मन भरकटणं कमी झालं.

दुसरी बाजू अशी. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांना घेऊन याच विषयावर फार मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शाळेतल्या नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा सजगतेच्या तासांनी मुलांना काही जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही. ही मुलं ११ ते १४ वयाची होती. त्यांतल्या बहुतेकांनी घरी सराव केलाच नाही. हे वाचून काही जणांनी सजगतेवर फुली मारली. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. केंब्रिजचे विद्यार्थी स्वतःहून नाव नोंदवून आलेले होते. शाळेतल्या मुलांना वेळापत्रकात तास आहे म्हणून बसवलं होतं. आणि तासाला ऐकून घरी न केलेला सराव म्हणजे सराव नव्हे. आपल्याकडे मूल्यशिक्षणाच्या तासाचं जे झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून ही पुस्तिका पाठ करायची नाही आणि तिच्यावर चाचणीही घ्यायची नाही. एखाद्या मुलाला नको वाटलं तर त्याने ती बाजूला ठेवावी. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता सरावाविषयी थोडं विस्ताराने बोलतो, कारण बहुतेक लोक पहिल्या आठवड्यातच सोडून देतात आणि त्याचं कारण एकच असतं. ते म्हणतात, "माझं मन लागतच नाही." डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की तिसऱ्या-चौथ्या श्वासाला मन शाळेत, शिवारात, नाहीतर कालच्या भांडणात गेलेलं असतं. त्यांना वाटतं आपल्याला जमत नाही. वस्तुतः मन जाणारच. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारून पाहिलं, तेव्हा जवळपास ४७ टक्के वेळा ती माणसं हातातलं काम सोडून भलत्याच विचारात होती. मोठ्यांची ही गत, तर पंधरा वर्षांच्या पोराने आपल्या मनाला दोष का द्यावा? मन गेलं आहे हे ज्या क्षणी कळतं, तो क्षण म्हणजे सराव. रानात गेलेलं वासरू दावं धरून परत आणावं तसं ते आणायचं, मारत-ओढत नाही. दहा मिनिटांत तीस वेळा मन गेलं आणि तीस वेळा परत आणलं, तर त्या मुलाचा सराव चांगला झाला असं मी म्हणेन. परीक्षेत नेमकं हेच कौशल्य लागतं.

परत आणताना विचाराला एक छोटं नाव दिलं तर सोपं जातं. 'काळजी'. 'आठवण'. 'हिशोब'. 'राग'. मनातल्या मनात एवढा एक शब्द, आणि पुन्हा श्वासाकडे. "मी नापास होणार" हे वाक्य डोक्यात आलं तर ते खरं की खोटं याची चर्चा करत बसायचं नाही. 'काळजी आली' एवढी नोंद करायची. विचार आला म्हणजे तसं घडणार असं नसतं, हे पुस्तकात वाचून पटत नाही. दोन-तीन आठवडे अशी नोंद घेतल्यावर हळूहळू पटतं.

शांत जागा निवडा, असं प्रत्येक पुस्तकात असतं. दोन खोल्यांच्या घरात, बाहेर टँकरचा हॉर्न, शेजारी गिरणी, आणि फेब्रुवारी-मार्चच्या लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत डीजे. शांत जागा आणायची कुठून? म्हणून या पुस्तिकेतला एक सराव मुद्दाम आवाजावर बेतलेला आहे. आवाज येतोय तर तोच ऐका. जवळचा कोणता, लांबचा कोणता, कोणता थांबून पुन्हा सुरू होतो. त्याला शिव्या घालणारा विचार आला तर 'राग' अशी नोंद, आणि पुन्हा आवाज. परीक्षा केंद्रावरही पंखा कुरकुरतो, बाहेर कोणीतरी ओरडतं, पर्यवेक्षकांच्या चपला वाजतात. घरी शांततेतच बसायची सवय लागलेल्या मुलाला ते जड जातं. ज्याने गोंगाटात सराव केला त्याला नाही.

भाकरी थापताना, पाणी भरताना, गुरांना चारा टाकताना करायचा सरावही पुढे दिलेला आहे. तळहाताला पिठाचा स्पर्श, कळशीचं वजन, पायाखालची जमीन. पण इथे एक हरकत नोंदवतो. पहाटे उठून सगळं घरकाम करणाऱ्या दहावीतल्या मुलीला "काम करता करता सजग राहा" असं सांगून मोकळं होणं हा निव्वळ लबाडपणा होईल. आधी तिचं काम भावाने आणि घरातल्या मोठ्यांनी वाटून घ्यावं. त्यातूनही जे काम उरेल त्यासाठी हा सराव आहे.

अभ्यासाचा पर्याय म्हणून सजगता वापरायची नाही, हेही इथेच सांगून टाकतो. 'एकवीस अपेक्षित'चा प्रश्नसंच समोर धरून तेच पान दहादा वाचलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. पुस्तक मिटा आणि कोऱ्या पानावर लिहून काढा. आणि झोपा. रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास झोपेअभावी टिकत नाही. हे पहाटे साडेतीनला उठवणाऱ्या बापालाही सांगायला हवं आणि अंथरुणात रील्स बघणाऱ्या पोरालाही.

परीक्षेच्या दिवसाविषयी एक वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या दोनच गोष्टी इथे उचलतो. पेपर अकराचा असला तरी मुलांना अर्धा तास आधी केंद्रावर बसावं लागतं. तो अर्धा तास फार वाईट असतो. "तुझं ते प्रकरण झालं का?" या एका प्रश्नाने वर्षभराचा अभ्यास हलतो. त्या वेळी लक्ष तळपायांवर आणा. चपलेचा, फरशीचा स्पर्श. मग श्वास सोडायला तो घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावा, असं पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून हा उपाय लवकर लागू पडतो. रोजच्या सरावात आपण श्वास बदलत नाही, नुसता बघतो. इथे मुद्दाम बदलतो. दोन्हींत गल्लत करू नये. दुसरी गोष्ट लिहिण्याची. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेआधी दहा मिनिटं आपल्या काळज्या कागदावर उतरवणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांना जास्त गुण मिळाले. घरून निघण्याआधी एका जुन्या वहीच्या पानावर जे वाटतं ते खरडून टाका. तो कागद मात्र घरीच ठेवा. भरारी पथकाच्या हाती आपल्या काळज्या लागायचं काही कारण नाही.

भरारी पथकाचं नाव निघालंच आहे, तर कॉपीचा विषयही टाळत नाही. कॉपीमुक्त अभियान, बैठं पथक, कॅमेरे यांवर दरवर्षी बातम्या येतात. चिठ्ठी घेऊन बसलेल्या मुलाचा ताण अभ्यास केलेल्या मुलापेक्षा कमी असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या मुलाचा चेहरा बघितलेला नाही. त्याचं निम्मं लक्ष दारावर असतं. वर्षभर कोणीतरी त्याला सांगितलेलं असतं की "बघू ऐन वेळी", आणि ऐन वेळी ते सांगणारा गायब असतो. मुलाला पकडून बातमी करण्याआधी हे सांगणाऱ्या मोठ्यांचा शोध घ्यावा.

एक पेपर अवघड गेला म्हणजे वर्ष गेलं, ही समजूतही आता जुनी झाली. दहावीची पुरवणी परीक्षा २०१५ पासून निकालानंतर थोड्याच दिवसांत होते, आणि दोनपर्यंत विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो. पासाला ३५ टक्के लागतात. मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या घराला ही माहिती परीक्षेआधीच द्यायला हवी. निकालाच्या दिवशी ती कोणी ऐकून घेत नाही.

काही मुलांसाठी डोळे मिटून बसणं योग्य नाही. घरात आत्महत्या, अपघात, मारहाण पाहिलेलं मूल डोळे मिटल्यावर तेच पुन्हा बघू शकतं, आणि या जिल्ह्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. अशा मुलाने डोळे उघडे ठेवावेत, समोरच्या एखाद्या वस्तूकडे बघावं, नाहीतर चालावं. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर ही पुस्तिका मिटून माणसाकडे जावं. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. त्यांतले सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते. हे काम श्वासाच्या सरावावर सोडता येणार नाही. टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथे मनाच्या आजारांवर उपचार मिळतात. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे गावात मोठ्याने म्हणायची जबाबदारी शिक्षकांची. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. आपल्या शाळेत तो आहे का, हे पालकांनी पुढच्या सभेत विचारावं.

मुख्याध्यापकांना एक विनंती. परिपाठातली दहा मिनिटं जूनपासून या सरावाला द्या, आणि शिक्षकांनी स्वतः मुलांबरोबर बसावं. हजेरीचे कागद पुढे ओढून नव्हे. फेब्रुवारीत परीक्षेच्या तोंडावर एखादं व्याख्यान ठेवून, फोटो काढून हे उरकू नका.

आणि विद्यार्थ्यांनो, पुस्तिका जूनमध्ये हाती आली असेल तर पहिल्या सरावापासून सुरू करा, एका वेळी एकच, आणि रोज. हॉल तिकीट मिळाल्यानंतर हाती आली असेल तर मधलं सगळं सोडा, थेट परीक्षेच्या दिवसाचं प्रकरण काढा आणि उरलेला वेळ अभ्यासाला व झोपेला द्या. बाकीचं पेपर संपल्यावर वाचलं तरी चालेल.